मध्येच वीज गेली तर?

वाशीचे रेल्वे स्थानक हा नवी मुंबईच्या जडणघडणीचा एक चांगला नमुना आहे. खाली फलाटाला लोकल लागते आणि वर कार्यालयांचे मजल्यावर मजले उभे आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले आणि १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीत आली. तेव्हापासून इथल्या नोकरदार माणसाचा दिवस दोन वाहनांवर अवलंबून आहे. सकाळी घरची लिफ्ट, मग लोकल, मग कचेरीची लिफ्ट आणि संध्याकाळी हाच क्रम उलटा. एक वाहन आडवे धावते, दुसरे उभे चढते. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे आपल्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात मात्र एकाच माणसाने या दोन्ही वाहनांना आजचे वळण लावले आणि त्यांपैकी एकावर काम करताना त्याला दुसऱ्याची युक्ती सुचली. त्याचे नाव फ्रँक ज्युलियन स्प्रेग.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत एडिसन असतो, बेल असतो, मार्कोनी असतो. स्प्रेग सहसा नसतो. विद्युत अभियंत्यांच्या जगात त्याचा मोठा दबदबा होता, पण घराघरात त्याचे नाव पोहोचले नाही. त्याची ओळख करून घेण्याआधी एका दुखण्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्या दुखण्याशी या माणसाची आयुष्यभर गाठ पडत राहिली.

नवी मुंबईतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत विचारून पाहा. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये क्षणभर थबकते. कधी आपोआप पुढे जाते, कधी तिथेच अडकून बसते. सेक्रेटरी फोन करतो, लिफ्टवाला येतो, पॅनल उघडतो, वरखाली दहा फेऱ्या मारतो. एकही झटका बसत नाही! तो वहीत सही घेऊन गेला, की तासाभरात कुणाच्या तरी आजी आत अडकतात. पूर्वी आपल्याकडे एकांतरा ताप यायचा, त्यातलाच हा प्रकार. वैद्य दारात आला की अंग गार आणि त्याची पाठ वळली की हुडहुडी. सरळ बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे सोपे असते. मधूनच वीज हरवणारे आणि लगेच शहाण्यासारखे वागणारे यंत्र भल्याभल्यांना घाम फोडते.

चुकून मिळालेली वाट

स्प्रेगचा जन्म २५ जुलै १८५७चा, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या मिलफर्ड गावचा. आपल्याकडे उठावाचा वणवा पेटला होता, ते हे वर्ष. मुलगा लहान असतानाच, १८६६ साली, त्याची आई वारली. वडिलांचे बस्तान मोडले आणि फ्रँकला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थ अॅडम्स या गिरण्यांच्या गावी आत्याकडे ठेवण्यात आले. आत्या शिक्षिका होती. तिच्या घरात मुलाला गणिताची गोडी लागली.

पुढे लष्करी अकादमीत जावे म्हणून त्याने प्रवेशपरीक्षा द्यायचे ठरवले. परीक्षेला बसला तो मात्र नौदलाच्या! ही चूक त्याच्या पथ्यावर पडली. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून तो १८७८ साली सातव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. त्या काळात नौदलाच्या अधिकाऱ्याला वाफेची यंत्रे, चुंबकत्व आणि वीज यांचे चांगले शिक्षण मिळत असे. जहाजावरच्या फावल्या वेळात या तरुण अधिकाऱ्याच्या वह्या नव्या नव्या यंत्रांच्या आराखड्यांनी भरू लागल्या. ‘लँकेस्टर’ या युद्धनौकेवर त्याने विजेच्या घंटांची व्यवस्था बसवली. अमेरिकी नौदलातली ती अशी पहिलीच व्यवस्था मानली जाते.

१८८२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विजेचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे स्प्रेग परीक्षक मंडळावर होता. लंडनमध्ये त्याने भुयारी रेल्वेने भरपूर प्रवास केला. त्या गाड्या तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालत आणि भुयारात धूर कोंडून प्रवाशांचा जीव घुसमटत असे. ही गाडी विजेवर का चालू नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो तिथेच.

एडिसनच्या पदरी

१८८३ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने स्प्रेगला नौदल सोडायला लावले आणि एडिसनकडे आणले. एडिसनची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. करून पाहा, नाही जमले तर दुसरे करून पाहा. शहराच्या वीजवाहिन्या आखतानाही असेच प्रयोग चालत आणि त्यांत वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडत. स्प्रेगने कागद-पेन्सिल पुढे ओढली. कोणत्या तारेतून किती प्रवाह जाईल, टोकाच्या घरापर्यंत पोहोचेपर्यंत दाब किती घटेल, हे त्याने गणिताने मांडले. पेनसिल्व्हानियातल्या सनबरी गावी त्याच वर्षी एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, त्या कामात तो होता.

आधी विचार, मग हातोडी, ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. दोषाच्या शोधात एकामागून एक सुटे भाग बदलत जाणाऱ्या प्रत्येकाने स्प्रेगची ही सवय लक्षात ठेवावी अशी आहे.

एडिसनला दिव्यांत रस होता, स्प्रेगला मोटारीत. वर्षभरातच, १८८४ साली, तो बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. ओझे कमी-जास्त झाले तरी जिचा वेग जवळजवळ कायम राहील आणि जिच्यात ठिणग्या उडणार नाहीत, अशी मोटार त्याने बनवली. उतारावर धावणाऱ्या गाडीची मोटार उलट वीज निर्माण करून तारेत परत पाठवू शकते, हेही त्याने १८८६च्या सुमारास करून दाखवले. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना नेमके हेच करतात.

रिचमंडची चढण

१८८७ साली व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराच्या ट्रामचे काम त्याने घेतले. करार वाचून कुणीही कपाळाला हात लावला असता. बारा मैल मार्ग, चाळीस गाड्या, ऐंशी मोटारी, मुदत नव्वद दिवसांची आणि रक्कम एक लाख दहा हजार डॉलर. तीही काम समाधानकारक झाले तरच! शहरात दहा टक्क्यांपर्यंतचे चढ होते. म्हणजे शंभर फूट पुढे जाताना गाडीने दहा फूट वर चढायचे. एवढ्या चढावर विजेची गाडी तेव्हा कुणी चालवली नव्हती. त्यात काम सुरू होते न होते तोच स्प्रेग विषमज्वराने अंथरुणाला खिळला.

उठून आल्यावर त्याने एका रात्री चाचणीची गाडी स्वतः चढावर नेली. गाडी चढली, रस्त्यावर लोक जमले, टाळ्या पडल्या आणि त्याच वेळी मोटार आतून जळाल्याचे त्याच्या लक्षात आले. जमावासमोर फजिती नको म्हणून किरकोळ बिघाड असल्याचे त्याने सांगितले आणि उपकरणे आणायला सहकाऱ्याला पिटाळले. मग गाडीतले दिवे मालवून बाकावर पडून राहिला. लोक कंटाळून पांगले. बऱ्याच वेळाने उपकरणे आली. ती होती चार दणकट खेचरे! त्यांनी विजेची गाडी ओढत आगारात नेली. ही हकीकत स्प्रेग पुढे स्वतःच हसत हसत सांगत असे.

त्या हिवाळ्यात एक बिघाड निस्तरला की दुसरा दत्त म्हणून उभा राहत होता. मोटारीला वीज पोहोचवणारे धातूचे ब्रश झिजत, ठिणग्या उडत, दातेरी चाके अडकत. रोज कुठली ना कुठली गाडी वाटेत बसे. स्प्रेग आणि त्याचे सहकारी दिवसभर गाड्यांमागे फिरत आणि रात्री आगारात त्या उघडून बसत. कुठे काय झाले, केव्हा झाले आणि कोणत्या ओझ्याखाली झाले, याची नोंद झाली की त्या भागाची नवी घडण होई. २ फेब्रुवारी १८८८ रोजी ट्राम रीतसर सुरू झाली. स्प्रेगला या कामात हजारो डॉलरचा खड्डा पडला, पण जगाला विजेची ट्राम मिळाली.

त्यानंतरचा एक प्रसंग आपल्या विषयाला अगदी लागू आहे. बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी रिचमंडला आले. त्यांची शंका रास्त होती. एका जागी अडकलेल्या पुष्कळ गाड्या एकदम सुटल्या तर तारेतला दाब कोसळून सगळ्या जागीच बसणार नाहीत का? स्प्रेगने रात्री बावीस गाड्या एकामागे एक उभ्या केल्या. तो भाग एका वेळी चारच गाड्यांसाठी आखलेला होता. वीजकेंद्राला दाब वाढवून ठेवायला सांगून त्याने कंदिलाची खूण केली. एकेक गाडी सुटू लागली. दिवे मंदावत गेले, दाब निम्म्याहून खाली आला, पण गाड्या थांबल्या नाहीत. हळूहळू वेग धरून त्या दिसेनाशा झाल्या. व्हिटनींनी बॉस्टनसाठी वीज पत्करली. पुढच्या वर्षभरात स्प्रेगच्या पद्धतीवरच्या शंभराहून अधिक ट्राममार्गांची कामे सुरू झाली किंवा ठरली.

इमारतीत पाण्याचा मोठा पंप सुरू होताच दिवे क्षणभर मंदावतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दिव्याला त्याचे काही वाटत नाही. लिफ्टच्या पॅनलला मात्र तेवढी डुलकी पुरते.

आडव्याकडून उभ्याकडे

१८९०च्या सुमारास स्प्रेगची कंपनी एडिसनच्या उद्योगसमूहाने घेतली. नव्या मालकांनी यंत्रांवरचे स्प्रेगचे नाव काढून एडिसनचे घातले. स्प्रेगला ते फार लागले. तो बाहेर पडला आणि ट्राम सोडून लिफ्टकडे वळला.

लिफ्टचा इतिहास त्याच्याही आधीचा. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस याने लिफ्टच्या फळीवर उभे राहून वरचा दोर कापायला लावला होता. दोर तुटताच स्प्रिंगच्या जोरावर कड्या खाचांत अडकल्या आणि फळी जागीच थांबली. माणसाने उंच इमारतीवर विश्वास ठेवला तो त्या दिवसापासून. १८८० साली जर्मनीत मॅनहाइम येथे वर्नर फॉन सीमेन्सने विजेची लिफ्ट दाखवली. तरी अमेरिकेतल्या उंच इमारतींत पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टचेच राज्य होते. विजेची लिफ्ट लहानसहान कामाला ठीक, वेगाने आणि सुरक्षितपणे ती काय चढणार, असे जाणकार म्हणत.

चार्ल्स प्रॅट या अभियंत्याला बरोबर घेऊन स्प्रेगने १८९२ साली लिफ्टची कंपनी काढली आणि न्यूयॉर्कच्या पोस्टल टेलिग्राफ कंपनीच्या चौदा मजली इमारतीचे काम जोखीम पत्करून घेतले. १८९४ साली त्या लिफ्ट चालू झाल्या आणि पाण्याच्या लिफ्टच्या तोडीस तोड ठरल्या. पुढे लंडनच्या सेंट्रल लंडन रेल्वेच्या खोल भुयारी स्थानकांसाठीही स्प्रेगच्याच लिफ्ट गेल्या. ज्या शहराच्या धुराने त्याला विजेच्या गाडीचे स्वप्न दाखवले, तिथल्या प्रवाशांना १९०० साली तो जमिनीखाली नेऊ-आणू लागला. कंपनी अखेर ओटिसकडे गेली.

या लिफ्टमध्ये एक महत्त्वाची गोष्ट होती. मोटारीचा मोठा प्रवाह माणसाच्या हाताशी आणायचा नाही. माणसाने लहानशी कळ फिरवायची, तिच्यातून बारीक प्रवाह जाईल आणि तो दूरवरच्या मोठ्या नियंत्रकाला हुकूम देईल. घरातला कर्ता माणूस स्वतः पोती उचलत नाही, शब्द टाकतो, तसेच हे.

हे काम करताना स्प्रेगला वाटले, एका कळीने एक लिफ्ट चालते, तर एका कळीने दहा मोटारी का चालू नयेत? आणि त्या मोटारी दहा वेगवेगळ्या डब्यांखाली असल्या तर? मग गाडीला इंजिनच नको. प्रत्येक मोटार डबा स्वतःच्या बळावर धावेल आणि सगळे मिळून पुढच्या चालकाचा एक हुकूम पाळतील. गाडी शेवटच्या स्थानकावर पोहोचली की चालकाने फक्त दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे.

१८९७ साली शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेने ही कल्पना कठोर अटींवर स्वीकारली. त्या जुलैत स्केनेक्टडी येथे सहा डब्यांच्या गाडीची चाचणी झाली आणि ती गाडी चालवली स्प्रेगच्या दहा वर्षांच्या मुलाने, डेस्मंडने! पुढच्या वर्षी वसंतात वीस डबे मार्गावर आले. पहिल्याच दिवशी त्यांतले बहुतेक मागे घ्यावे लागले. पण स्प्रेग गडबडला नाही. कल्पना चुकली नव्हती. प्रवाह आवरणारे रोध सदोष निघाले होते. ते बदलले आणि काही महिन्यांत त्या मार्गावरची वाफेची इंजिने कायमची गेली.

मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ साली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून पहिली विजेची गाडी धावली. आज पनवेलला आलेली लोकल इंजिन न बदलता काही मिनिटांत उलट फिरते, त्यामागे शिकागोचीच ती युक्ती आहे आणि ती युक्ती आली आहे लिफ्टमधून.

साखळीतली एक कडी

आता पुन्हा आपल्या सोसायटीच्या लिफ्टकडे येऊ. स्प्रेगच्या काळापासून मूळ तत्त्व तेच आहे. बारीक प्रवाह हुकूम देतो, मोठा प्रवाह काम करतो. हा बारीक प्रवाह एका साखळीतून फिरतो. प्रत्येक मजल्यावरच्या दाराचे कुलूप, लिफ्टचे स्वतःचे दार, खड्ड्यातला स्विच, वेग मर्यादेबाहेर गेला तर उघडणारा स्विच, सगळ्यात वरचा आणि खालचा मर्यादा-स्विच अशा सगळ्या कड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एक जरी सुटली तरी हुकूम थांबतो, मोटारीची वीज जाते आणि ब्रेक लागतो.

हा ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो. वीज असेपर्यंत विद्युतचुंबक ब्रेकला मोकळे धरून ठेवतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला घट्ट आवळते. म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट कोसळत नाही, थांबते. मध्येच थांबलेली लिफ्ट बिघडलेली वाटते, पण बहुतेक वेळा ती आपले कर्तव्यच करत असते. कुठली तरी कडी क्षणभर सुटली, एवढेच ती सांगते.

कोणती कडी, हे शोधणे मात्र चिकाटीचे काम आहे. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत दाराच्या कुलपातले संपर्क काळवंडतात आणि दार जरा हलले की प्रवाह तुटतो. पॅनलमधला एखादा स्क्रू ढिला असतो, तो तापला की सुटतो आणि निवला की पुन्हा टेकतो. लिफ्टबरोबर वरखाली होणाऱ्या केबलमधली एखादी तार आतून तुटलेली असते आणि ठरावीक मजल्यावर केबल वळली की तेवढ्यापुरता प्रवाह खंडित होतो. कधी दोष लिफ्टमध्ये नसतोच. पंप सुरू होताना दाब उतरतो, किंवा तीन फेजांपैकी एक लंगडी होते आणि रक्षक रिले आपले काम करतो.

म्हणून चांगला लिफ्टवाला आधी प्रश्न विचारतो. कोणत्या मजल्याजवळ? वर जाताना की खाली? माणसे किती होती? पाऊस होता का? पंप चालू होता का? नेहमी एकाच मजल्यापाशी थबकत असेल तर तो दार आणि केबल पाहतो. मजला कोणताही, पण वेळ तीच असेल तर तो वीजपुरवठा पाहतो. दुपारनंतरच होत असेल तर उष्णता आणि ढिले जोड. मग साखळी मधोमध मोजतो, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवतो, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करतो. दाबाची सर्वांत कमी पातळी टिपून ठेवणारे मापक दिवसभर लावून ठेवतो, कारण डोळ्याला न दिसणारी डुलकी त्याला दिसते. रहिवाशांना यात एकच मदत करता येते, पण ती लाखमोलाची आहे. वॉचमनजवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, मजला आणि दिशा लिहावी. पॅनलला हात लावायचे काम मात्र जाणकाराचेच.

खरा धोका वेगळाच आहे. लोक वैतागतात, सेक्रेटरीवर ओरडतात, सेक्रेटरी लिफ्टवाल्याला काहीही करून लिफ्ट चालू ठेवायला सांगतो. मग एखादा घायकुतीला आलेला माणूस संशयित कडीवर तारेचा तुकडा टाकून ती वगळतो. लिफ्ट सुरळीत धावू लागते, तक्रारी थांबतात, सगळे खूश! पण आता मजल्यावरचे दार उघडे असतानाही लिफ्ट चालू शकते. ताप उतरवायचा म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे हे आहे. थांबणाऱ्या लिफ्टने माणसाचा खोळंबा होतो. थांबायचे विसरलेल्या लिफ्टने जीव जातो. लिफ्ट सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय आहे हे ओळखून मुंबई प्रांताने १९३९ सालीच तिच्यासाठी वेगळा कायदा केला होता. तपासणीचे महत्त्व तेव्हापासून आहे, पण सोसायटीच्या सभेत देखभालीचा करार निवडताना बहुधा फक्त सर्वांत कमी आकडा पाहिला जातो.

थांबवण्याचे शास्त्र

स्प्रेगच्या उत्तरायुष्यात थांबण्याचा हाच विषय पुन्हा आला. १९०२च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून दोन गाड्यांची टक्कर झाली आणि पंधरा माणसे दगावली. त्यानंतर ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या मार्गांवर वीज आणण्याच्या कामात स्प्रेग सल्लागारांत होता. विल्यम विल्गस या अभियंत्याबरोबर त्याने तिथली वीज पुरवणारी तिसऱ्या रुळाची रचना बसवली. पुढे चालकाने सिग्नल चुकवला तरी गाडी आपोआप थांबावी यासाठीच्या यंत्रणेवर त्याने कित्येक वर्षे घालवली. आयुष्यभर वाहने धावती केलेल्या माणसाचे मन वेळेवर थांबवण्यात गुंतले होते.

नाव पुसले जाण्याचे दुःख त्याला पुन्हा सोसावे लागले. १९०२ साली त्याची कंपनी जनरल इलेक्ट्रिकने घेतली. १९१० साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्याला मोठे पदक दिले, तर त्या पदकाचे नाव एडिसन पदक! त्याने ते स्वीकारले. सत्तरी उलटल्यावरही तो स्वस्थ बसला नाही. लिफ्टच्या एकाच विहिरीत एकावर एक दोन लिफ्ट चालवण्याची त्याची योजना १९३१ साली पिट्सबर्गमध्ये प्रत्यक्षात आली. एकाच विहिरीत दोन, म्हणजे एकीला दुसरीवर न आदळता थांबता आले पाहिजे. विषय पुन्हा तोच. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी तो वारला. नौदलाच्या या जुन्या अधिकाऱ्याची समाधी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहे.

त्याचा एक मुलगा रॉबर्ट हाही नौदलात शिकला आणि १९२६ साली त्याने कपॅसिटर बनवण्याची कंपनी काढली. पुढे ती कंपनी नॉर्थ अॅडम्सला गेली, म्हणजे आई गेलेला फ्रँक जिथे आत्याकडे वाढला त्याच गावात. कपॅसिटर विजेचा थोडासा साठा जवळ बाळगतो आणि पुरवठा क्षणभर खचला तर तेवढा वेळ निभावून नेतो. आजच्या लिफ्टच्या पॅनलमध्येही असे कपॅसिटर असतात. ते वर्षानुवर्षे तापून सुकले की तेवढाही आधार उरत नाही आणि लिफ्ट उगीचच थबकू लागते. जुन्या पॅनलच्या तपासणीत जाणकार त्यांच्याकडे हमखास पाहतो.

स्प्रेगने लिफ्टचा किंवा रेल्वेचा पहिला शोध लावला नाही. दुसऱ्यांनी दाखवलेली चमत्काराची वस्तू त्याने रोजच्या वापराची केली, आणि त्यासाठी चढावर बसलेली गाडी, मंदावलेले दिवे, पहिल्याच दिवशी परत आलेले डबे यांच्यासमोर कारण सापडेपर्यंत तो बसून राहिला. आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या उकडत्या मशीन रूममध्ये, हातात मापक घेऊन न दिसणाऱ्या दोषाची वाट पाहत बसलेला लिफ्टवाला त्याच्याच घराण्यातला. त्याला थोडा वेळ लागत असेल तर लागू द्यावा. जिने चढून गेलो तर दमायला होईल, एवढेच.